त्या दिवशी वारा पडलेला होता

हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे. बोलून तर कधीच दाखवले नाही — मैत्रिणीपाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी बोलायला हवे होते त्यांच्यापाशी तर मुळीच नाही. वरवर पाहता त्यात कबूल करण्याजोगे काय आहे? फेब्रुवारीअखेरची सकाळ, भाट्याची खाडी, वारा पडलेला, पाणी तव्यासारखे सपाट. रत्नागिरीत असे दिवस कितीतरी येतात. तरीही तुम्हाला सांगायचे, तर थोडी लांबून सुरुवात करावी लागेल.

मी समुद्रविज्ञान शिकले. पदव्युत्तर शिक्षण संपवून परदेशातल्या संशोधनाची तयारी करत असताना स्वतःचे असे काही हाताशी असावे, म्हणून मी जोडप्यांसाठी सहली सुरू केल्या. रत्नागिरीला येणारी नवराबायको गणपतीपुळ्याला दर्शन घेतात, आरे-वारेच्या वळणावर फोटो काढतात, आंबापोळी विकत घेतात आणि परततात. मधला सगळा समुद्र तसाच राहून जातो. मी भरती-ओहोटी पाहून दिवस आखला. सकाळी भरतीच्या पाण्यावर खाडीत होडी, कांदळवनाच्या कडेने बगळे आणि खंड्या. मग किल्ला आणि दीपगृह. दुपारी आमच्याच पडवीत आईच्या हातचे जेवण. संध्याकाळी थिबा पॉइंटवरून सूर्यास्त. होडी दत्तूकाकांची होती, सुकाणूही त्यांच्याच हातात. नियम मात्र माझा होता — एका फळीवर दोघांनी बसायचे, समोरासमोर नाही. फोटो मी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून काढायचे. एका फळीवर दोघे, मागे खाडीचे तोंड. त्या फोटोंमुळेच माझ्या सहलीचे नाव झाले.

दोन माणसांना एका फळीवर कसे बसवावे, हे मला नेमके ठाऊक होते. माझ्या घरातली दोन माणसे मात्र —

इथे मला आई आणि बाबांविषयी सांगायला हवे. बाबांची सगळी नोकरी मुंबईत गेली. औषधांच्या एका गोदामात ते स्टोअरकीपर होते आणि परळला गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहत — ट्रंका फळीवर, माणसे खाली. शिमगा, मे महिना आणि गणपती, एवढ्यापुरते ते आम्हाला मिळत. आमच्याकडे अशा माणसाला चाकरमानी म्हणतात, आणि चाकरमानी घरी आला की तो घरचा नसतो, पाहुणाच असतो. त्याचा टॉवेल वेगळा, स्टीलचा मोठा पेला वेगळा, माशातला मधला तुकडा त्याचा. आई लांज्याच्या आतल्या गावची. लग्न होऊन या घरात आली आणि पंधरा दिवसांत नवऱ्याला गाडीत बसवून एकटी परतली. पुढची सगळी वर्षे तिने त्या पाहुण्याची सरबराई केली.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला बाबा निवृत्त होऊन कायमचे घरी आले. आणि मग काय झाले, ठाऊक आहे? काहीच झाले नाही. ते पडवीत बसत, आई माजघरात. चहा आला की ते "ठेव" म्हणत, ती ठेवी. पेला वेगळाच राहिला. पंधरा दिवस उलटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारले, "काय गो, कधी जायचेत तुमच्याकडचे?" आई हसली, पण आपण अजून पाहुणाच सांभाळतो आहोत, हे तिला तेव्हा जाणवले असावे.

त्यानंतर एके दिवशी, आंबाड्यांची साले काढता काढता, वर न बघता ती मला म्हणाली, "मी काय म्हणते — तुझ्या त्या होडीत आम्ही दोघां बसलो तर चालेल काय?"

मी गमतीने म्हटले, "जोडप्यांनाच घेते मी."

"मग आम्ही कोण गो?" ती म्हणाली, आणि लाजली.

माझ्या आईला मी लाजताना पूर्वी कधी पाहिले नव्हते. मी गुरुवार ठरवला. त्या दिवशी एकही बुकिंग नव्हते.

बाबांना तिने कसे सांगितले, मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि उन्हासाठी दोन हॅट घेऊन आले. एक साधी, एक लाल रिबिनीची. रिबिनीची त्यांनी आईसमोर स्टुलावर ठेवली आणि म्हणाले, "ऊन लागेल." ती म्हणाली, "शोभते काय मला? पोरं हसतील." "हसूंदेत," बाबा म्हणाले. माझ्या आठवणीत त्या दोघांचे माझ्यासमोरचे ते सर्वांत लांब संभाषण.

मंगळवारी पुण्याहून एका तरुण जोडप्याचा फोन आला. ती दोघे प्रवासाचे व्हिडिओ करतात, पाहणारे पुष्कळ. त्यांना गुरुवारच हवा होता. मी होकार दिला. त्यात अडचण कसली? दत्तूकाकांच्या होडीत दहा माणसे आरामात बसतात. मी आणि दत्तूकाका, ती दोघे, आई आणि बाबा — मिळून सहा. मंगळवारी आणि बुधवारी मी अगदी प्रामाणिकपणे असेच धरून चालले होते.

गुरुवारी सकाळी मी धक्क्यावर उभी होते. पाहुणे यायचे होते. रस्त्याच्या वळणावर मला आई-बाबा दिसले.

आईने अबोली रंगाची ठेवणीतली साडी नेसली होती. डोक्यावर सुरंगीच्या फुलांचा वळेसर आणि वळेसरावर ती हॅट — फूल चुरडू नये म्हणून हाताने जरा वर धरलेली. खांद्याला पिशवी, तिच्यात घावनांचा डबा असणार, कारण होडीतल्या सगळ्यांना पुरतील इतकी घावने ती पहाटे उठून घालत होती. बाबा पुढे आणि ती मागे. मधे चांगले दहा हात अंतर. वाटेत कुणी थांबवले तर ही दोन माणसे एकाच ठिकाणी निघाली आहेत, हे कुणाला कळले नसते.

त्या अंतराकडे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे होडीतली फळी आली. त्या फळीवर ही दोघे कशी बसतील? बाबा एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, किंवा फळी सोडून खाली. दोघे दोन दिशांना बघत. बाबा त्या पुणेकरांशी मोठ्याने मुंबईची हिंदी बोलणार, आई डबा उघडून प्रत्येकाला "घ्या हो" म्हणणार. आणि ते सगळे चित्रित होणार. जिच्या फोटोंत एका फळीवर दोन माणसे इतकी सुरेख दिसतात, तिच्या घरात —

मला गरिबीची लाज वाटली नाही. बोलीचीही नाही. हे सांगायला मी फार दिवस घेतले: मला त्यांच्या परकेपणाची लाज वाटली. आणि तो परकेपणा घालवण्यासाठीच तर आई आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी निघाली होती. हे मला तेव्हा कळत नव्हते का? कळत होते. म्हणूनच तर हे लिहिते आहे.

मी फोन लावला. तिथूनच, त्यांच्याकडे बघत. बाबांनी थांबून खिशातून फोन काढला.

"बाबा, वारा सुटलाय. इशारा आलाय, होडी नाही सुटणार आज. तुम्ही परत जा."

त्यांनी मान वर करून पाहिले. सुरूच्या झाडाची काडी हलत नव्हती. "इथे तर काय जाणवत नाय गो."

"इथे नाही, बाबा. बाहेर, खाडीच्या तोंडाशी."

"बरं," ते म्हणाले. "तू पण थांबू नको. जप."

मी धक्क्याच्या टपरीआड झाले. तिथून मला दिसत होते. बाबा आईला काहीतरी म्हणाले. तिने पाण्याकडे पाहिले, मग हॅट काढली आणि पिशवीत घालायला गेली. डब्यामुळे ती मावेना, म्हणून हातातच ठेवली. दोघे वळली. परतताना आई पुढे होती.

तो दिवस उत्तम झाला. खंड्याने अगदी होडीजवळ सूर मारला. पुण्याची दोघे एका फळीवर बसली आणि मी त्यांचा फोटो काढला. दुपारी त्यांना आमच्या पडवीत न नेता गावातल्या खानावळीत जेवू घातले, सांगितले की आईला बरे नाही. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरे. प्रयोगशाळेत आम्ही याला चूक वाढत जाणे म्हणतो, घरात त्याला काय म्हणतात?

दुसऱ्या दिवशी ती दोघे अचानक दारात आली. त्यांना कोकमाचे आगळ हवे होते आणि कुणीतरी आमचे घर दाखवले होते. मुलगी गोड होती. ती आईला म्हणाली, "काकू, आता बरं वाटतंय ना? काल तुम्ही हव्या होतात. काय समुद्र होता! एक लाट नाही."

पडवीत बाबा होते. मी होते. आईने आगळाची बाटली फडक्याने पुसली आणि म्हणाली, "समुद्राचं असंच हो. इकडे निवांत, नि तिकडे खवळलेला." मग त्यांना थांबवून पन्हे दिले. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

ती दोघे गेल्यावर मी विहिरीवर पाय धूत होते. बाबा आले, रहाटाशी उभे राहिले. मला वाटले, आता ते विचारतील. त्यांनी विचारले ते असे —

"होडीला वजन फार झालं असतं, नाय गो?"

तुमच्या लक्षात येते आहे का, त्यांनी काय केले? त्यांनी माझ्यासाठी एक सबब शोधली होती. रात्रभर विचार करून असेल, किंवा तिथेच सुचली असेल. पण ती त्यांनी माझ्या हातात आणून ठेवली. मला फक्त "नाही बाबा" म्हणायचे होते. खरे बोलायला इतकी सोपी जागा पुन्हा कधी मिळायची होती?

मी म्हटले, "हो. वजन जास्त होत होतं."

"तेच म्हटलं मी तुझ्या आईला," बाबा म्हणाले. "इंजिनाची होडी, जपायलाच हवं." आणि घागर भरून निघून गेले.

बाबांशी पहिले खोटे मी घाबरून बोलले, असे म्हणता येईल. दुसरे मी शांतपणे बोलले. माझा अपराध कुठला, असे कुणी विचारले तर मी त्या दुसऱ्या खोट्याकडे बोट दाखवीन.

शिमग्यानंतर बाबा मुंबईला परत गेले. जुन्या मालकांनी बोलावले, गोदामात देखरेख, हलके काम. "घरात बसून माणूस गंजतो," म्हणाले. परळच्या खोलीत त्यांची ट्रंकेची जागा अजून मोकळी होती. आईने त्यांना गाडीत बसवले आणि एकटी परत आली. तिला ते सवयीचे होते.

ते माझ्यामुळेच गेले का? मी शास्त्र शिकलेली आहे. एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये, हे मला समजते. ते कदाचित तसेही गेले असते. कदाचित होडीतही ती दोघे दोन टोकांनाच बसली असती, आणि घरी येऊन पेला वेगळाच राहिला असता. पण हे तपासून बघायची एकच संधी होती आणि ती मी धक्क्यावरून परत पाठवली. या युक्तिवादाचा आधार मला अनेकदा घ्यावासा वाटला. तो मी इथे लिहून ठेवते, आणि घेत नाही.

आता बाबा गणपतीला तेवढे येतात. मे महिन्यात रजा मिळत नाही म्हणतात. गणपतीच्या दिवसांत दत्तूकाकांची होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकलेली असते. बाबा तिच्यापर्यंत फिरायला जातात, हात लावून बघतात, येतात. गेल्या वेळी मी म्हटले, "बाबा, दिवाळीत या. होडीने जाऊ. तुम्ही आणि आई."

"बघू," ते म्हणाले. "तेव्हा तुझे पाहुणे असतील."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

रिबिनीची हॅट पडवीतल्या खुंटीला आहे. तिच्या कडेला किमतीचा कागद अजून चिकटलेला आहे. आई ती साफसफाईच्या वेळी खाली काढते, झटकते, पुन्हा लावते. जेवायला आलेल्या एखाद्या नव्या नवरीने "काकू, घालू का फोटोपुरती?" म्हटले, तर ती देते.

सहली चालू आहेत. परदेशाचे पत्र आले आहे, पावसाळ्यानंतर मी जाईन. पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी धक्क्यावर एक-दोन जोडपी येतात, एका फळीवर बसतात, आणि होडी सुटण्याआधी कुणीतरी सहज विचारते, घरी कोण कोण असते. मी सांगते, आई इथे, बाबा मुंबईला.

"नोकरीमुळे?" ती विचारतात.

मी "हो" म्हणते, आणि दोरी सोडते.