कोळंबीचा चैत्र बहर

सृष्टीतला प्रत्येक जीव ऋतूची आज्ञा पाळतो. हे वाक्य माझ्या वडिलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत होतं, खाली दोन रेघा मारलेलं. वहीचा विषय म्हणजे नेरूळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, चपलांच्या कपाटावर ठेवलेली दोन फुटी काचेची टाकी आणि तिच्यातल्या गोड्या पाण्यातल्या कोळंब्या.

कोळंब्या म्हटलं की लोकांना ताटातल्या आठवतात. या नखाएवढ्या होत्या आणि काचेसारख्या आरपार. मासे घेऊन येणाऱ्या कोळणीने त्या गावच्या तळ्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणून दिल्या. "मास्तरला खेलाया," असं ती आईला म्हणाली होती. बाबा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि शिकवायला आता कोणी उरलं नव्हतं.

मादीला अंडी झाली की ती पोटाखाली घेऊन फिरते. नीट पाहिलं तर हिरवट दाण्यांचा घोस दिसतो. पावसाळ्यात पाणी नवं आणि गार झालं की अंडी होतात, हे कोळणीलाही ठाऊक होतं. बाबांचा शोध वेगळा होता. आमच्या टाकीत पाडव्यानंतर, भर उन्हाळ्यातही अंडी होत. लागोपाठ तीन वर्षं झाली. लिंबाच्या बागेला मृग बहर आणि आंबे बहर असतात, त्या धर्तीवर बाबांनी पावसातल्या अंड्यांना मृग बहर आणि उन्हाळ्यातल्या अंड्यांना चैत्र बहर असं नाव दिलं. कारणांमध्ये दिवसाची लांबी, वसंतातला प्रकाश, जिवाच्या आत दडलेलं घड्याळ असं बरंच काही होतं. टाकीवर पाटी होती : 'प्रयोग चालू आहे. पाण्यास हात लावू नये.' घरात आम्ही तिघंच राहत होतो.

आईला ते वही वाचून दाखवत. "चैत्र बहर आला बघ." ती कांदा चिरता चिरता "बरं झालं" म्हणे.

आई पौषात गेली. त्या दिवशीचीही नोंद वहीत आहे. 'पाणी स्वच्छ. माद्या रिकाम्या.' अक्षर कुठे हललंय का ते मी नंतर बऱ्याचदा पाहिलं. हललेलं नाही.

मी तेव्हा महाप्याच्या एका कंपनीत होते. सकाळी सातला निघायचे. संध्याकाळी आम्ही दोघं जेवायचो, बातम्या लावायचो, त्या संपल्या की टीव्ही बंद करायचो. रडू यायला हवं होतं, पण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहू नयेत एवढंच डोक्यात असायचं. फेब्रुवारीत मी फ्रीज घेतला, म्हणजे दोन दिवसांची भाजी एकदम करता येईल. पाण्याच्या चार बाटल्या आत ठेवल्या. उन्हाळ्याची तयारी झाली.

बाबा दिवसभर पडून असत. उठत ते फक्त टाकीसाठी. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि एक मेच्या वर्धापनदिनाला बाबांचं सप्रयोग व्याख्यान ठरवून गेले. दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट, आणि फिरायलाही गेले. "तोवर माद्या भरलेल्या असतील," असं त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं होतं. मला कोळंब्यांच्या अंड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. दाढीशी होतं.

पाडवा झाला. माद्या रिकाम्या. रामनवमी झाली. माद्या रिकाम्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला चहाइतकं गरम येऊ लागलं. बाबांनी ट्यूबलाइट रोज तासभर जास्त चालू ठेवून पाहिली.

"व्याख्यान पुढे ढकलायला सांगू का?" मी विचारलं.

"ऋतू पुढे ढकलता येतो का?"

व्याख्यान पार्किंगमध्ये झालं. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बरणी, बरणीत चार माद्या. सेक्रेटरी म्हणाले की पाण्याची टाकी प्रत्येक सोसायटीत असते, पण ज्ञानाची टाकी फक्त आपल्याकडे आहे. टाळ्या पडल्या. बाबांनी सृष्टीपासून सुरुवात केली. दहाएक मिनिटांनी तळमजल्यावरचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात काम करणारे गृहस्थ उठून बरणीजवळ गेले आणि वाकून पाहू लागले.

"मास्तर, अंडी कुठायत?"

"अजून यायची आहेत."

"टेन्शन नका घेऊ. सोसायटीची एनओसी मिळाली नसेल!"

सगळे हसले. वर्ग हसला की मास्तर थांबतात तसे बाबा थांबले आणि मग उरलेली चार पानं वाचली. त्यांना शाल आणि नारळ मिळाला. वर येऊन त्यांनी नारळ ओट्यावर ठेवला, 'माद्या रिकाम्या' असं लिहिलं आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी ती उघडली नाही. दाढी केली नाही. फिरायला गेले नाहीत. दोन आठवडे असेच गेले.

मग एका रविवारी कोळीण आली. आई गेल्यापासून मी पहिल्यांदाच मासे घेत होते. तिने दारातून आत नजर टाकली.

"माठ नाय काढला यंदा?"

"फ्रीज घेतला ना."

"मंग टाकीतल्या करंद्यांना पानी कोन घालतं?"

"कसलं पाणी?"

"आगो बाय, माठाचा शिला पानी. तुजी आय रोज सकाली वतायची त्यान. मास्तर फिराया गेला का लगेच."

आई दुष्काळी माण तालुक्यातली. सकाळी नळ आला की माठातलं कालचं पाणी काढून ताजं भरायचं, हे खरं, पण प्यायचं पाणी मोरीत ओतायला तिचा हात कधी उचलला नाही. ती ते टाकीत ओतत होती. रात्रभर मुरलेलं, गार पाणी. बाबा त्या वेळी फिरायला जात आणि मी बसमध्ये असे. माठ पाडव्याला माळ्यावरून खाली येई आणि पाऊस लागला की वर जाई. चैत्र बहराचं बाकी काही कारण मला सुचेना.

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

"मी बोलली तिला, मास्तरला सांग. तर बोलते, र्‍हाऊ दे, त्यांची वही भरत आली हाय."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी सगळं सांगितलं. ते उठून बसले.

"किती?"

"काय किती?"

"पाणी. किती ओतायची?"

"तांब्याभर असेल."

"असेल म्हणजे?"

ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी मी कोळणीला विचारलं. "मी काय मापाया बसलेली?" म्हणाली.

बाबांनी स्वतः स्टुलावर चढून माठ खाली काढला. दोन दिवस भिजत घातला. वहीत 'प्रकाश' आणि 'तापमान' यांच्या शेजारी नवा रकाना आखून त्याला 'माठ' असं नाव दिलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी टाकीत, मग दाढी, मग फिरणं. पाटी मात्र काढली नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला झोपेतून उठवलं. टाकीत एका मादीच्या पोटाखाली हिरवट घोस होता. आम्ही दोघं बराच वेळ चपलांच्या कपाटापुढे उकिडवे बसलो.

पाऊस त्याच्या आठच दिवस आधी सुरू झाला होता. त्यामुळे ती अंडी मृग बहरात धरावी लागली.