पंधरा नोव्हेंबरची परीक्षा

आमच्या गावात शाळेची बस चालवणाऱ्या तिघीजणी आहेत. बाकीच्या दोघींची बस येते. व्हायला केटोलाच्या बाबतीत आधी तिचा आवाज येतो, मग बस. "बूट झटक! बर्फ तुझ्या घरी ठेव, माझ्या बसमध्ये नको!" हे वाक्य ऐकत टॅमरॅक क्रॉसिंगच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. ज्यांना ती ओरडली त्यांच्या मुलांनाही ती आता ओरडते, आणि त्यांना वाटतं, आईवडिलांइतकं आपल्याला ओरडत नाही, म्हणजे ही म्हातारी झाली.

ती माझी शेजारीण. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही परदेशातून इथे आलो; माझे यजमान इथल्या दवाखान्यात डॉक्टर होते, म्हणून ती मला डॉक्टरीण म्हणते. ते गेल्यावरही तिने हाक बदलली नाही, आणि ते मला बरं वाटतं.

मिशिगनच्या अगदी वरच्या अंगाला, सुपिरियर सरोवराच्या वाऱ्यात आमचं गाव आहे. इथल्या लोकांचे पणजोबा फिनलंडहून खाणीत कामाला आले. खाणी बंद पडल्या, माणसं राहिली. मुलगा शाळा संपवतो आणि लाकडाच्या गिरणीत लागतो, मुलगी वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात. व्हायला स्वतः शुक्रवारी शाळेतून बाहेर पडली आणि सोमवारी धुलाईघरात चादरी घडी करत होती. कॉलेज ही गोष्ट लोकांनी टीव्हीवर पाहिलेली.

मग आमच्या शाळेने पोर्ट ॲशबीच्या कम्युनिटी कॉलेजशी करार केला. अकरावी-बारावीच्या मुलांनी आठवड्यातून तीन दिवस कॉलेजात जाऊन बसायचं. तिथे जे विषय पास होतील ते शाळेतही धरले जायचे आणि पुढे कॉलेजातही. फी शाळा भरणार, बस शाळेची, आणि बसवर व्हायला.

"म्हणजे चर्चच्या जेवणात पंगत बसायच्या आधीच स्वयंपाकघरात शिरून चार घास खाऊन यायचं," व्हायला म्हणाली. "मला पसंत आहे. मी जन्मभर तेच केलंय."

पसंत असायला आणखी एक कारण होतं. पहिल्या तुकडीत तिची नात किर्सी होती. किर्सीची आई मिलवॉकीला नोकरी करते, त्यामुळे किर्सी लहानपणापासून व्हायला आणि वेस या आजी-आजोबांकडेच वाढली. तिला नर्स व्हायचं होतं. कॉलेजचं रसायनशास्त्र चांगल्या गुणांनी सुटलं तर नर्सिंगची जागा तिच्यासाठी धरलेली होती. मात्र या कराराला एक काटा होता. शाळेत नापास झालं तर पुन्हा बसता येतं, सगळे विसरतात. कॉलेजातलं नापास कॉलेजच्या दप्तरात जन्मभर राहतं, मग तुम्ही सोळा वर्षांचे का असेनात.

सप्टेंबर-ऑक्टोबर छान गेले. मुलं वर्गात असेपर्यंत व्हायला बसमध्ये विणकाम करत बसायची आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांकडून धडा म्हणून घ्यायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण कोण अडखळलं ते बरोबर कळायचं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला किर्सी बसमध्ये चढताना म्हणाली, "आजी, प्रॅक्टिकलची तारीख लागली. तीस टक्के गुण. गैरहजर राहिलं तर शून्य, आणि शून्य म्हणजे सरळ नापास."

"मग? कधी आहे?"

"पंधराला."

व्हायलाने चालू केलेलं इंजिन बंद केलं.

पंधरा नोव्हेंबर म्हणजे हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. आदल्या संध्याकाळी सगळं गाव बंदुका, शिधा आणि पत्त्यांचे जोड घेऊन जंगलातल्या आपापल्या खोपटात, म्हणजे कँपवर, जातं आणि पहाटे मचाणावर चढतं. शाळा बंद, गिरणी बंद, न्हाव्याचं दुकान बंद. त्या दिवशी कुणी मरतसुद्धा नाही, कारण पाद्रीबुवाही मचाणावर असतात. चौदाव्या वर्षापासून व्हायलाचा एकही पंधरा नोव्हेंबर चुकला नव्हता. किर्सीच्या आईच्या वेळी पोट पुढे आलेलं असतानाही ती वर चढली होती, आणि वेस खाली हात पसरून उभा होता.

ती तडक मुख्याध्यापक हार्यू यांच्याकडे गेली. मीही बरोबर होते, ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला.

"व्हायला, काय सांगू तुला," हार्यू डोकं धरून बसले होते. "करार करताना आम्ही दोन्ही कॅलेंडरं टेबलावर शेजारीशेजारी ठेवून सुट्ट्या जुळवल्या. नाताळ जुळवला, ईस्टर जुळवला. पंधरा नोव्हेंबर आमच्या कॅलेंडरात नाहीच छापलेला."

"नाही कसा?"

"कोण छापणार? हिवाळ्यात थंडी पडते हे कुणी छापतं का? इथे जन्मलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. आणि कॉलेजात तारीख लावणारी ती बाई जन्मली ॲरिझोनात."

"मग बस द्या. मी नेते पोरांना."

"सुट्टीच्या दिवशी बस हलवता येत नाही, विमा नसतो. आणि…" ते जरा घुटमळले, "मी पण त्या दिवशी नाहीये गं."

ॲरिझोनाच्या बाई म्हणजे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टर इनेस व्हॅलेहो. त्या हिवाळ्यातच त्यांनी पहिल्यांदा बर्फ पाहिला होता आणि त्या घरातही टोपी घालून बसत. व्हायला त्यांच्या खोलीत शिरली ती बुधवारी, मुलं वर्गात असताना.

"बाई, माझी नात किर्सी तुमच्या वर्गात आहे. तिच्या प्रॅक्टिकलचं बोलायचंय."

"माफ करा," बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या. "कॉलेजचा नियम आहे. विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय मी घरच्यांशी बोलू शकत नाही. त्या नावाची कुणी माझ्या वर्गात आहे की नाही, हेही मला सांगता येणार नाही."

"अहो, आहे ना! मीच आणते तिला!"

"मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही."

"ती बघा, काचेतून दिसतेय. लाल स्वेटर. तो मी विणलाय."

बाईंनी काचेकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न केला. "स्वेटर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचाही असो."

तारीख मात्र हलणार नव्हती. प्रयोगशाळा एकच, आणि बाकीचे सगळे दिवस दुसऱ्या वर्गांना दिलेले. त्या खरोखर कळवळून म्हणाल्या, "मला वाटलं होतं, दिवस मोकळा दिसतोय म्हणजे सगळ्यांच्या सोयीचा असेल."

घरी येऊन व्हायलाने किर्सीला बजावलं, "चौदाला इथेच झोपायचं. सकाळी चर्चच्या व्हॅनमधून मी सगळ्यांना नेणार." म्हाताऱ्यांना रविवारी चर्चला आणायची व्हॅन तीच चालवायची, त्यामुळे किल्ली तिच्याकडेच असे.

"आजी, सगळेजण कँपला चाललेत," किर्सी म्हणाली. "आणि तू? तू कधी चुकवलास पंधरा?"

"मी नर्स होणार नाहीये."

"मी पुढच्या वर्षी रसायन करीन."

"नापासाचा शिक्का घेऊन? जागा काय तुझी वाट बघत बसणार आहे?"

"आजोबांनी या वर्षी मला मोठ्या मचाणावर बसवायचं कबूल केलंय!"

वेस आपली बंदूक पुसत होता. "मला यात ओढू नका," तो म्हणाला. चौदाच्या संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर त्याची गाडी निघाली होती आणि पुढच्या सीटवर किर्सी बसली होती, अंगात शिकाऱ्यांचं भगभगीत नारिंगी जाकीट. पोर आजीशी खोटं बोलली नाही. तिने सांगितलंच नाही.

पहाटे व्हायलाने माझं दार वाजवलं. "डॉक्टरीण, चल. मला एकटीला सहा घरांच्या शिव्या खाववणार नाहीत."

कँप कुठेकुठे आहेत ते तिला पाठ होतं. ती व्हॅन वाटेवर उभी करायची, अंगात नारिंगी जाकीट घालून दबक्या पावलांनी झाडीत शिरायची आणि एकेक पोर दंडाला धरून आणायची. पहिली दोन मुलं मुकाट आली. तिसऱ्या ठिकाणी म्हातारा उर्हो पेल्टो आडवा आला. तो कुजबुजतच भांडत होता, कारण त्या सकाळी जंगलात मोठ्याने बोलणं हे चर्चमध्ये शिट्टी वाजवण्यासारखं.

"नातू वर चढलाय. आता खाली येणार नाही."

"येईल."

"तुझं डोकं फिरलंय का गं? आज? पंधराला?"

"उर्हो," व्हायलाही कुजबुजली, "मी व्हॅनचा हॉर्न वाजवू का?"

उर्होचा चेहरा पांढरा पडला. हॉर्न वाजला तर मैलभरातली हरणं पळाली असती, आणि त्याचं नाव मैलभरातल्या प्रत्येक मचाणावर निघालं असतं. "तू असं करणार नाहीस," तो म्हणाला.

"बघायचंय?"

नातू खाली आला. पुढच्या दोन्ही ठिकाणी तिने हेच केलं आणि काम भराभर झालं. पाच पोरं गाडीत आली. कुणी डुलक्या घेत होतं, कुणी तोंडातल्या तोंडात आम्ल-क्षार म्हणत होतं. उरली किर्सी.

वेसचं मोठं मचाण वाटेवरूनच दिसतं, मधे गवताचा मोकळा पट्टा आहे. व्हायलाने व्हॅन वळवली आणि अलगद ब्रेक दाबला.

मचाणावर नारिंगी ठिपका, बंदूक खांद्याला लावलेली. आणि पट्ट्याच्या टोकाला धुक्यातून बाहेर आलेला एक नर, मान वर करून उभा. मी चाळीस वर्षांत एवढं जनावर पाहिलं नव्हतं.

"बारा," मागून उर्होचा नातू म्हणाला. "शिंगांना बारा टोकं आहेत."

व्हॅनमध्ये जी शांतता पसरली, तशी माझ्या लहानपणीच्या कॉन्व्हेंट शाळेत प्रार्थनेच्या वेळी एकाही ननला कधी मिळाली नसेल.

गोम अशी होती की किर्सीचा नेम चुकत नाही. गोळी लागली की जनावर जागेवर टाकून जाता येत नाही. ते शोधायचं, पोट साफ करायचं, ओढत कँपवर न्यायचं, सोलायचं, आणि हे ज्याने मारलं त्यानेच करायचं असतं. दुपार झाली असती. परीक्षा दहाला होती, आणि पोर्ट ॲशबी तासाभराहून जास्त लांब.

व्हायलाचा हात हॉर्नवर गेला आणि तिथेच थांबला.

"आजी, नको," एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "बारा आहेत गं."

"मला मोजता येतं." व्हायलाच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. ती माझ्याकडे वळली. "डॉक्टरीण, तू दाब."

"मी?"

"तू बाहेरून आलेली. तुला माफ करतील."

मी हात पुढे केला. खरं सांगायचं तर तो पोचलाच नाही. चाळीस वर्षांत मीही पुरती इथलीच झाले होते.

"कामाची नाहीस," व्हायला म्हणाली, डोळे मिटले, आणि दोन्ही तळहातांनी हॉर्न दाबला.

मागच्या सगळ्या पोरांनी कान झाकले. नर हवेत उडाल्यासारखा वळला आणि दिसेनासा झाला. दूरवरून कुणीतरी ओरडून पाद्रीबुवांनी ऐकू नये असा शब्द उच्चारला. तो आवाज पाद्रीबुवांचाच होता असं पुष्कळांचं मत आहे.

वेस झाडीतून बाहेर आला. मग मचाणाची शिडी धरून उभा राहिला आणि किर्सी खाली उतरली. तिने बंदूक रिकामी करून त्याच्या हातात दिली, व्हॅनमध्ये चढली आणि दार असं आपटलं की चर्चच्या नावाची पाटी वाकडी झाली.

"बूट झटक," व्हायला म्हणाली.

किर्सीने बूट झटकले नाहीत आणि पोर्ट ॲशबी येईपर्यंत तोंडही उघडलं नाही. तिथे मुलं एका रांगेत नारिंगी जाकिटांत प्रयोगशाळेकडे निघाली. डॉक्टर व्हॅलेहो दारात उभ्या होत्या.

"तुम्ही सगळे रस्तादुरुस्तीवरून आलात का?" त्यांनी काळजीने विचारलं.

किर्सी बाहेर आली तेव्हा व्हायला विणकामाचा एकच टाका तिसऱ्यांदा उसवत होती.

"कशी झाली?"

"पांढरी पूड दिली होती. कसली ते ओळखायचं होतं." किर्सीने जाकीट काढलं. "इतका राग आला होता की हात अजिबात थरथरला नाही."

"ओळखलीस?"

"कळेल." आणि व्हॅनमध्ये चढता चढता, "शिंगं बघितलीस तू त्याची?"

"बघितली," व्हायला म्हणाली. "जन्मभर दिसणार आहेत मला."

वेसने त्यानंतर बोलणंच टाकलं. मीठ हवं असलं तर तो मिठाकडे बोट दाखवायचा. त्याला त्या मोसमात एकही हरीण मिळालं नाही, आणि दुकानात, गिरणीत, चर्चच्या पायऱ्यांवर त्याला रोज कुणी ना कुणी हॉर्नचा आवाज काढून दाखवायचा.

निकाल लागला त्या आठवड्यातल्या शनिवारी आम्ही तिघी नेहमीप्रमाणे केटोलांच्या अंगणातल्या सौनात, म्हणजे लाकडी वाफघरात, बसलो होतो. आधी बायका, मग पुरुष, अशी इथली रीत. वेस टॉवेल खांद्यावर टाकून बाहेरच्या बाकावर पाळीची वाट बघत होता. आतल्या वाफेत किर्सीने एकदम, इतर काही बोलत असल्यासारखं सांगितलं, "रसायनात ब्याण्णव मिळाले. नर्सिंगची जागा पक्की झाली. काल पत्र आलं."

व्हायलाने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि मग आणखी ओतलं. वाफ इतकी झाली की मला पायरी सोडून खाली बसावं लागलं. तिचा चेहरा आम्हाला कुणाला दिसू नये, एवढंच तिला हवं होतं.

तेवढ्यात लाकडी भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"किती म्हणाली ती?"

बऱ्याच दिवसांनी ऐकलेला तो आवाज ओळखायला आम्हाला एक क्षण लागला.

"ब्याण्णव, आजोबा!"

बाहेरचा बाक करकरला. हिशेब चालला असावा.

"त्यात बारा टोकं मिळवा," वेस म्हणाला. "शंभराच्या वर गेली पोर. आता बाहेर या लवकर, थंडीने माझं लाकूड झालंय."