मोझेलताई आणि खांबावरचा मासा

आमच्या मोझेलताईला सगळं मिळालं. नवरा मिळाला, चार पोरं झाली, नदीत होड्या वल्हवायला येणाऱ्या पाहुण्यांना वरच्या टोकाला सोडणारी बस तिने एकतीस वर्षं चालवली आणि एकदाही खड्ड्यात घातली नाही. मिळाला नव्हता तो फक्त मासा.

मासा लाकडाचा. ओकच्या झाडीत आमचं मैदान, मधोमध उंच खांब, त्याच्या टोकावर हा बसवलेला. पुरुषांच्या हातात दोन-दोन जाळीच्या काठ्या. चेंडूला हात लावायची त्यांना बंदी, बाईच्या अंगालाही. आम्हा बायकांना काठ्या नाहीत, पण हात मोकळे. ओरबाडा, केस ओढा, लोळवा, कुणी विचारत नाही. चेंडू खांबाला लागला तर एक गुण, माशाला लागला तर सात. आम्हा चेरोकींचा, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा, हा खेळ आजीच्या आजीपासून चालत आलाय, आणि आमच्याकडे बहुतेक वेळा बायकाच जिंकतात, हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

ताई पन्नास वर्षं खेळली. चेंडू खांबाला शेकडो वेळा लागला, माशाला एकदाही नाही. मी एकोणिसाव्या वर्षी डोळे मिटून फेकला आणि लागला! पुढे वर्षभर ही बया माझ्याशी धड बोलली नाही.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सोमवारी. डॉक्टर म्हणाले, यापुढे धावणं बंद. म्हणजे शनिवारचा खेळ शेवटचा. तिच्या नवऱ्याने, आमच्या जेसदाजींनी, नको नको म्हणून घसा कोरडा केला.

"मोझेल, या वयात कशाला शोभा करून घेतेस?"

"शोभा तुझीच होईल. गुडघा माझा आहे, तू तुझ्या काठ्या सांभाळ."

शनिवारी सकाळी तिने बसमधल्या पाहुण्यांनाही आवतण दिलं. "संध्याकाळी होड्या बांधा आणि मैदानावर या. जेवण फुकट, मारही फुकट." टेक्ससची ब्रेंडा नावाची बाई खरंच आली, ओल्या चपलांनी. दोन वाट्या कनुची, म्हणजे आमचं हिकरीच्या, अक्रोडासारख्या दाण्यांचं सार, प्यायली आणि आमच्या बाजूने उभी राहिली.

"नियम काय आहेत?" तिने विचारलं.

"बायकांना नाहीत," मी म्हटलं. बाई एकदम खूश.

खेळ रंगला. ब्रेंडाने एका दांडगटाच्या पायात पाय घालून चेंडू उचलला आणि ताईकडे टाकला. ताई लंगडत निघाली. आणि पुढचे ते शहाणे काय करतात? बाजूला सरले! काठ्या खाली. एक तर म्हणाला, "सावकाश हं, मावशी."

ताई जागीच थांबली. "मुडद्यांनो, माझी मयत निघालीय का, वाट द्यायला? पन्नास वर्षं थांबले ती तुमची दया घ्यायला? अडवा मला!"

कुणी हलेना. असा फुकटचा मासा तिने कधीच आपला मानला नसता, आणि दुसरी संधी तर नव्हतीच.

तेवढ्यात दाजी पुढे आले. खांबासमोर पाय रोवून उभे राहिले, काठ्या आडव्या धरल्या. "ये. मी नाही सोडत."

ताई धावली. दाजींनी दोन्ही काठ्यांत चेंडू पकडला, तिने त्यांचे केस पकडले. ढोपर, कोपर, शिव्या, सगळं झालं. दोघं धाडकन गवतात पडली. चेंडू निसटला, ताईने झडप घातली आणि बसल्या बसल्या, जीव खाऊन फेकला.

टक्क! मासा थरथरला.

बायकांनी रान डोक्यावर घेतलं. मी तर रडायलाच लागले. पण ताई हसेना. तिने दाजींची कॉलर धरली.

"खरं सांग, जेस. शेवटी सोडलंस ना मला?"

दाजींनी तोंड उघडलं. तोंडात रक्त. त्यांनी काहीतरी तळहातावर थुंकलं आणि तिच्यापुढे धरलं. पुढचा दात!

"सोडलं असतं," ते बोबडं बोलत म्हणाले, "तर हा तोंडात नसता का गं?"

ताईने दात उचलला, उजेडात धरून नीट पाहिला. "म्हणजे माझाच आहे! मासा माझाच आहे!" असं ओरडत तिने सगळ्यांदेखत त्या रक्ताळलेल्या तोंडाचा मुका घेतला.