त्या दुपारचा रिलीव्हर

वाचकांच्या अद्भुत अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर थट्टाच करत आलो आहे. बायको मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी म्हणायचो, अगं, झोप झाली नसेल त्याची, नाहीतर पोट बिघडलं असेल. मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस. देवळात जातो तो आईसाठी, आणि अमावास्येला घरातून निघायला मला कधी काही वाटलं नाही. तरीही हे लिहितोय, कारण यात एक कबुलीही आहे... आणि ती आता पोटात ठेवणं मला जड जातंय.

गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागची. मी खुटबावचा. दौंडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पहाटे उठायचं, खुटबाव स्टेशनवर पॅसेंजर पकडायची, दौंडला लेक्चर, मग प्रॅक्टिकल, आणि तिथून जीपला लटकत कुरकुंभ एमआयडीसी. तिथल्या एका औषधांच्या कंपनीत मी काँट्रॅक्टवर हेल्पर-कम-ऑपरेटर होतो. बहुतेक वेळा सेकंड शिफ्ट, म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. अभ्यास रिॲक्टरच्या, म्हणजे औषधाचा माल शिजवणाऱ्या मोठ्या टाकीच्या, समोर बसून. दर थोड्या वेळाने तापमान बघायचं आणि मधल्या वेळात पुस्तक.

आणि कानात वॉकमन. तो माझा खरा जीव.

आज माझी मुलगी ज्याला 'इंडी' म्हणते, ते आम्ही तेव्हा ऐकत होतो, फक्त त्याला काही नाव असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. शिरूरचा माझा मित्र संजू पुण्याला गेला की कुठून कुठून कॅसेट आणायचा. कॉलेजच्या पोरांनी भाड्याच्या खोलीत स्वतःच रेकॉर्ड केलेल्या, कव्हरवर स्केचपेनने नाव लिहिलेल्या. मागे कुठली कंपनी नाही, जाहिरात नाही. आवाज फाटायचा, मध्येच कोणीतरी खोकायचं. त्या खोकल्यासकट आम्हाला ती गाणी पाठ होती. संजूचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, त्यामुळे ताल त्याच्या रक्तात होता. माझ्याकडे एक सेकंडहँड गिटार. आम्ही दोघांनी मिळून एक गाणं केलं होतं — दमलेला विद्यार्थी एसटीत झोपतो आणि स्टॉप चुकतो, एवढंच त्यात.

'झोपलो मी चौफुल्याला, जागा झालो न्हावऱ्याला,
कंडक्टर म्हणतो पाव्हणं, तिकीट होतं कुठल्याला?'

या गाण्याचा पहिला श्रोता म्हणजे आबा.

आबा भांडगावचे, पन्नाशी ओलांडलेले, माझ्याच रिॲक्टरवर फर्स्ट शिफ्टला. आता कंपनीतली एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. रिॲक्टर चालू असताना माणसाने जागा सोडायची नाही. शिफ्ट संपल्याचा भोंगा झाला तरी नाही. रिलीव्हर येतो, व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावतो, 'चार्ज घेतला' म्हणतो, तेव्हाच तुमची सुटका. तो आलाच नाही तर तुम्ही डबल ड्यूटी करायची. कारण आत माल गरम होत असतो. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह वेळेवर कमी-जास्त केला नाही तर काय होऊ शकतं, हे आम्ही सगळे जाणून होतो. त्याच्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

आबांचा रिलीव्हर मी. आणि मी रोज उशिरा. प्रॅक्टिकल लांबायचं, जीप भरल्याशिवाय निघायची नाही. तो सगळा वेळ आबा उभे.

"आलं का सायेब?" मी धापा टाकत आलो की म्हणायचे. "मला वाटलं आज तुझी परीक्षा घ्यायला राष्ट्रपती आलं."

"जीप भरत नव्हती आबा..."

"मग तू दोन शिटांचं भाडं भरायचं. लाव आता, एक गाणं ऐकव. माझ्या उशिराचं भाडं."

मग टोपीवरून हेडफोन चढवायचे आणि डोळे मिटून एक गाणं ऐकायचे. एकदा परीक्षेच्या दिवसांत मी कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला माझ्याच आवाजात नोट्स रेकॉर्ड केल्या होत्या. आबांनी बराच वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून म्हणाले, "हे लईच सपक हाय रे. पेटी तरी घालायची." आमचं एसटीचं गाणं मात्र त्यांना फार आवडलं. ते आल्या-गेल्याला म्हणून दाखवायचे, आणि चाल इतकी बदलायचे की मलाच ओळखू यायची नाही.

त्या डिसेंबरात संजूने त्याच्या शिरूरच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचं नाव घातलं. गॅदरिंगचे सर आधी नाहीच म्हणाले होते. सिनेमातलं गाणं नसेल तर कोण ऐकणार? संजू आठवडाभर त्यांच्या मागे लागला. शेवटी ते म्हणाले, संध्याकाळी दोघं हजर असाल तर म्हणा, एकटा आलास तर नाव काढून टाकणार. संजूच्या घरचे सगळे येणार होते. मी आबांना शिफ्ट बदलायची विनंती केली. मी सकाळची करतो, तुम्ही तीनला मला सोडवा.

"रोज तुझ्यापायी फुकट उभा ऱ्हातो," आबा म्हणाले, "आता संध्याकाळ बी तुलाच दिऊ?" मग तंबाखूची डबी बंद करून म्हणाले, "जा. पर ते न्हावऱ्यावालं म्हण. आन् मला यायला उशीर न्हाई व्हायचा, मी काय तू न्हाई."

त्या दिवशी तीनचा भोंगा झाला आणि आबा आले नाहीत.

मी दाराकडे बघत राहिलो. बाकीच्या मशिनवरची माणसं बदलली, गप्पा मारत निघून गेली. चौफुल्याहून शिरूरला जाणारी गाडी डोळ्यांसमोर दिसत होती. ती चुकली की पुढचीचा भरवसा नाही. आत मालाची बॅच गरम होती.

आता कबुली. मी पिशवी उचलली होती. मनाशी म्हणत होतो, आबा वाटेत असतीलच, पाच मिनिटांनी काय होतंय. मी खरंच निघालो होतो, मंडळी. इतकी वर्षं मी लोकांना हा भाग वगळून सांगत आलोय.

मी वळलो आणि आबा समोर होते.

निळा ड्रेस, टोपी कपाळावर ओढलेली, थंडीमुळे मफलर नाकापर्यंत. ते नेहमी तसेच यायचे. "उशीर झाला आबा," मी म्हणालो.  त्यांनी व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला आणि मफलरच्या आतून म्हणाले, "चार्ज घेतला. निघ." मग दुसरा हात पुढे केला. मला कळलं — भाडं. मी वॉकमन त्यांच्या हातात कोंबला आणि पळालो. त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलंही नाही.

जीपमध्ये बसलो. पाटसजवळ रस्त्याच्या कडेला एक एम-एटी स्कूटर आडवी पडलेली दिसली, थोडी माणसं उभी होती. आबांच्या गाडीसारखीच की, असं मनात आलं आणि हसूही आलं, कारण आबा तर आत्ताच भेटले होते.

शिरूरला पोचलो तेव्हा संजू गेटवरच उभा होता. मला शिव्या घालाव्यात की मिठी मारावी हे त्याला ठरवता येईना. स्टेजवर गेल्यावर मागच्या बाकांवरून पोरं ओरडली, "ए, पिक्चरचं म्हणा." माझी एक तार उतरलेली. पण संजूने ढोलकीवर थाप दिली आणि न्हावऱ्यापर्यंत येईस्तोवर हॉल आमच्याबरोबर म्हणायला लागला. तिथल्या निम्म्या पोरांचा स्टॉप कधी ना कधी चुकलेलाच होता. संजूची आई दुसऱ्या रांगेत होती, ती शेजारच्या बाईला सांगत होती, "गिटार वाजवणारा पोरगा कामावरून पळत आलाय, उपाशी हाय." मग तिने मला घरी नेऊन तीन भाकऱ्या खायला लावल्या. मी त्यांच्याच घरी झोपलो. आयुष्यातला तो एक अतिशय सुखाचा दिवस होता, हे आजही नाकारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीत गेलो तर शिफ्ट इनचार्ज साहेबांनी हाक मारली. वाटलं, आता काहीतरी निघणार.

"काल डबल केलीस ना? शाब्बास. बॅच चांगली निघाली," ते म्हणाले. "पण कानात ते घालून बसत जाऊ नको. मी दोनदा केबिनच्या काचेतून पाहिलं, अकरापर्यंत ते काढलं नाहीस."

मला काही कळेना. "आबा होते ना साहेब..."

"अरे, आबा कुठले? तुला कळलं नाही? काल ड्यूटीवर येताना पाटसला पडले. मांडीचं हाड मोडलं. दौंडला ॲडमिट आहेत. तीनच्या आधीच नेलं त्यांना."

 सांगायला हवं होतं की मी नव्हतो. पण सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेली असती तर कॉलेजही. मी मान हलवली. साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर ती शाबासकी माझी नव्हती. माफ करा.

मी माझ्या जागेवर गेलो. वॉकमन व्हॉल्व्हशेजारच्या खिळ्याला लटकत होता. काल रात्री अकराला थर्ड शिफ्टवर आलेला आणि आबा नसल्यामुळे दुपारपर्यंत अडकलेला भोसले तेवढ्यात भेटला, तो माझ्यावरच तापलेला.

"काय रे, मी आलो तर जागेवर कोणीच नाही? बॅच थंड, पाणी बंद, सगळं जिथल्या तिथं... पण माणूस नाही. पाच मिनिटं थांबायला काय होतं तुला? चार्ज कुणाकडून घ्यायचा मी?"

त्याचंही मी ऐकून घेतलं.

ती शिफ्ट कशीबशी संपवली आणि सकाळी कॉलेज बुडवून दौंडच्या दवाखान्यात गेलो. आबांचा पाय वर टांगलेला, दोरीला वजन म्हणून विटा बांधलेल्या. मला बघून म्हणाले, "बघ, आज वेळेवर आलास. मला टांगल्याबिगर तुला वेळ कळत न्हाई व्हय?"

मी केळी ठेवली आणि सगळं सांगितलं. पिशवी उचलली होती, तेही.  तंबाखूला बंदी होती म्हणून आबा ऐकताना नुसताच अंगठा तळहातावर चोळत होते.

"तुम्ही आला होता का आबा?" मी विचारलं. प्रश्नच वेड्यासारखा होता.

"आरं, मी पाटसच्या मातीत पडलेलो. मग टेंपोत. मग हितं." त्यांनी उशीवरून मान माझ्याकडे वळवली. "पर एक सांगतो. पडलो तवा आधी पायाचं न्हाई सुचलं. तुझंच सुचलं. म्हणलं, पोरगं अडकलं आता. त्यो संजू तिकडं एकटा. लई तळमळ झाली रं जिवाची. मग डागदरानं सुई दिली. पुढचं ध्यानात न्हाई."

"मग तिथं कोण होतं?"

"मला काय ठावं?" त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मी उठणार तोच म्हणाले, "त्याला सोडवलं कुणी?"

"कोणाला?"

"जो बसला व्हता त्याला. तू म्हणतो भोसल्यानं चार्ज घेतलाच न्हाई, जागेवर कुणी नव्हतं. म्हंजी त्याला सुटी कुणी दिलीच न्हाई की. मी असंन, न्हाईतर दुसरं कुणी असंल... पर ड्यूटीवरचा माणूस हाय त्यो. त्याला असं नगो ठिवू."

मी हसायचा प्रयत्न केला. आबा हसले नाहीत.

"आज तीनच्या आत जा," ते म्हणाले. "गाणं कसं झालं ते मग उद्या सांग."

मी प्रॅक्टिकल सोडलं. कुरकुंभला पोचलो तेव्हा भोंगा व्हायचा होता. सकाळचा माणूस हात धुवायला नळावर गेला होता, रिॲक्टर रिकामा, साफ करून ठेवलेला. आसपास कोणी नाही. मला स्वतःची लाज वाटत होती. तरी मी व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. हिवाळ्यातलं लोखंड, गार.

"मी आलोय," मी म्हणालो. "परवापासून तुम्हाला अडकवलं, उशीर झाला. चार्ज घेतला... तुम्ही निघा."

काही झालं नाही. वारा आला नाही, चाक हललं नाही. बाजूच्या शेडमध्ये कोणीतरी बादली आपटली, एवढंच. मी आपला उभा राहिलो, भोंगा होईपर्यंत, आणि त्यानंतरही बराच वेळ हात काढवेना.

बऱ्याच जणांना मी हे सांगितलंय. एक म्हणाला दुसराच कोणीतरी कामगार असणार. पण त्या शिफ्टचा प्रत्येक माणूस आपापल्या मशिनवर होता, हे मी नंतर आडून आडून विचारून घेतलं. एकजण म्हणाला, साहेबांना भास झाला. बरं, मग बॅच कोणी थंड केली? संजू म्हणतो, सोड ना, आपलं गाणं झालं. आबा पुढे लंगडत का होईना कामावर आले, निवृत्त झाले, नातवंडांत रमले. मी पुन्हा कधी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.  मला फक्त एवढं ठाऊक आहे की मी जी जागा सोडून निघालो होतो, ती त्या दिवशी कोणीतरी माझ्यासाठी सांभाळली... आणि ज्याने सांभाळली त्याला मी दोन दिवस उशिरा सोडवलं.