सनोबर ओपांच्या बलरेषा

ताश्कंदच्या खगोलशास्त्र संस्थेत सनोबर ओपांचं, म्हणजे सगळ्यांच्या सनोबरताईंचं, नाव एका गणिताशी जोडलेलं होतं. कृष्णविवर जितक्या वेगाने गरगरतं, तितकं ते भोवतीच्या चुंबकीय बलरेषांना बाहेर ढकलतं. वेगाची हद्द गाठली की एकही रेषा आत शिरत नाही. तरुणपणी त्यांनी आपले गुरुजी एर्गाश दोमला यांच्या हाताखाली हे सोडवलं आणि पुढे जन्मभर शिकवलं. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणत, "माझा संसार केव्हाच मांडून झालाय."

एका दुपारी पुलाव खाताना इरोदा, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, चाचरत म्हणाली, "ओपा, रागावणार नसाल तर सांगते. मी विवराभोवती तापलेला वायू धरून गणित केलं. रेषा बाहेर जातच नाहीत. वायू त्यांना आत धरून ठेवतो."

"कुठेतरी चुकली असशील."

"मलाही तसंच वाटलं होतं. तुम्हीच बघा."

ओपांनी कागद घरी नेले. चूक सापडेना. त्यांचं स्वतःचं गणितही बरोबरच होतं, पण ते विवराभोवती काहीच नाही असं धरून केलेलं. खऱ्या आकाशात वायू असतोच.

त्या तडक दोमलांकडे गेल्या. म्हातारे अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसले होते. चहा ओतत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"वायूचं. तुझा प्रबंध छापून आल्यावर लगेच लक्षात आलं. पण तू इतकी खुशीत होतीस, पोरी. विभागाचंही नाव झालं होतं."

ओपा म्हणाल्या, "दोमला, मी रोज तुमच्यासमोर बसत होते." चहाला हात न लावता त्या उठल्या. त्या घरातून आजवर असं कुणी उठून गेलं नव्हतं.

पुढच्या चर्चासत्रात त्यांनी फळ्यावर आपलं जुनं समीकरण लिहिलं, ते कुठवर खरं आहे ते सांगितलं आणि खडू इरोदाच्या हातात दिला. दोमला आले नव्हते.

नवरोजला ओपा दोमलांकडे सुमालक, सणाची गव्हाची गोड खीर, घेऊन गेल्या. ओपांनी त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं, दोमलांनी हवेचं. विवराचा विषय दोघांनीही काढला नाही.