एचपी विचारून घेतलेला ग्राइंडर

मी निवृत्त झालो त्याच वर्षी बायकोचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आणि तिचं विळीवर बसणं संपलं. बाजारातल्या सुरीने तिला चिरता येईना. एक दिवस तिने विळीचं पातं पाटातून काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "यानी सुरी करी द्या. उभी ऱ्हाइसन कापसू."

ते पातं तिच्या आईने लग्नात दिलेलं. आईची म्हणून तिच्याकडे दुसरी वस्तू उरलेली नाही, हे मला माहीत होतं. पण मी तेव्हा ब्राह्मणपुरीच्या घरात झोपाळ्यावर बसून दिवसभर मोबाइलवर सुऱ्या कशा करतात ते बघत असे. धडगावच्या कचेरीत आयुष्य कागद फिरवण्यात गेलं, घाटातल्या जीपने कंबर खिळखिळी केली. आता तर कागदही नव्हते. मी हो म्हणालो.

शहाद्याला दुकानात गेलो. आमच्याकडे मोटर म्हटली की माणूस आधी एचपी विचारतो. विहिरीला तीन पुरत असली तरी पाचची बसवायची आणि शेजारच्याला ऐकवायचं. मीही तेच विचारलं, "कितला एचपीना शे?"

"काम काय शे, काका?" दुकानदाराने विचारलं.

घरातली एक सुरी करायची आहे हे सांगायची मला लाज वाटली. "शे बठं काम," सगळंच काम आहे अशा थाटात मी म्हणालो. त्याने हाताने फिरवायचा एक छोटा ग्राइंडर पुढे केला. धारेच्या कामाला हाच बरा, सावकाश चालतो, पातं तापत नाही, असं तो सांगत होता. मी तो हाताने बाजूला सारला. सगळ्यात मोठा, सगळ्यात जोरात फिरणारा निवडला आणि दोन माणसांकडून रिक्षात ठेवून घेतला.

पातं मधोमध कापलं. वरचा सरळ तुकडा चाकाला लावला. ठिणग्या अशा उडाल्या की मला पहिल्यांदाच काहीतरी करत असल्यासारखं वाटलं. धारेवर आधी पिवळा रंग आला, मग जांभळा, मग निळा. मला तो रंग आवडला. मूठ बसवून सुरी तिच्या हातात दिली तेव्हा मी रंगाचंच कौतुक सांगत होतो.

तिने कांदा चिरला. दुसऱ्या कांद्याला धार वळली. मी पुन्हा घासली, पुन्हा वळली. शेवटी म्हसावदच्या बाजारात धार लावणाऱ्याकडे नेली. त्याने निळा भाग नखाने खरवडला. "पाणी उतरी गयं यानं. बाळी टाकं तुम्हीन." पाणी म्हणजे लोखंड तापवून विझवताना जो कडकपणा येतो, तो गेला होता. जोरात घासताना मीच तो जाळून टाकला होता.

घरी येऊन तिला सांगितलं. मी थकलो होतो, नुसत्या त्या दिवसाने नाही. "तुन्ही मायनी वस्तू मी वाया घाली," एवढंच म्हणालो.

ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "सुरी तं कोठे बी भेटती. तुमना हात रिकामा व्हतात, म्हनीसन पातं दिधं मी."

इतके दिवस मी तिच्यासाठी काहीतरी करतोय असं समजत होतो.

तिने पिठाच्या डब्यामागून पात्याचा उरलेला, वाकडा तुकडा काढला. तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

मोठा ग्राइंडर अजून अंगणात पोत्याखाली आहे. हाताचा आणला. त्याची अडचण एकच, एकाने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने पातं धरायचं. ती खुर्चीत बसून फिरवते, मी तो वाकडा तुकडा धरतो आणि तापू नये म्हणून दर दोन फेऱ्यांनी पाण्याच्या तांब्यात बुडवतो. तिचा हात लवकर दुखतो, माझे डोळे लवकर शिणतात. रोज बोटभरही काम होत नाही. काल मी म्हणालो, राहू दे आता, पुरे झालं. ती म्हणाली, "धरा," आणि दांडा फिरवायला लागली.