रवाळ डाग

लेन्सताईचं खरं नाव दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्यातली लेझरची यंत्रं सांभाळणं हे तिचं काम. काम चोख, आणि जीभ त्याहून तिखट. "घाई असेल तर मेणबत्ती लावा," असं तिने एकदा थेट डॉक्टरीणबाईंनाच सुनावलं होतं.

लेझरचा उजेड म्हणजे नको तितका शिस्तीचा. त्याच्या लाटा पावलाला पाऊल लावून चालतात, आणि जिथे पडतात तिथे एकमेकींत मिसळून कुठे जळजळीत ठिपका तर कुठे अंधार, असा रवाळ डाग पाडतात. म्हणून वाटेत खडबडीत काचेची चकती फिरत ठेवायची. ती ही शिस्त थोडी मोडते. फार मोडली तर किरण फाकतो, फोकस पसरट होतो. कमी मोडली तर रवे राहतात. पुढे पोलरायझर. तो एकाच दिशेने डोलणारा उजेड तेवढा पुढे सोडतो. हे सगळं जुळलं, तरच डोळ्याच्या पडद्यावर सारखा शेक बसतो.

एके सकाळी बाहेरच्या बाकावर लेन्सताईची आईच बसली होती, डोळ्यांत थेंब घालून. फार वाट पाहून नंबर लागला होता, आणि डावा डोळा तर दिवसेंदिवस विझत चाललेला. लेन्सताईने नेहमीप्रमाणे आधी चाचणीच्या कागदावर किरण मारला. डाग रवाळ! मोटर गुणगुणत होती, पण चकती दांड्यावरून सुटून ढिम्म उभी. बघते तर मधोमध तडकलेली. नवी यायला कित्येक आठवडे लागणार.

"अगदी थोडाच फरक असेल ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आई तुमची आहे. तुम्हीच सांगा."

हो म्हणून टाकावं असं लेन्सताईला फार वाटलं, खोटं कशाला बोला! पण तो जळजळीत ठिपका आईच्या डोळ्यात नेमका कुठे पडेल, हे कोण सांगणार? तिने यंत्राची किल्ली काढून खिशात टाकली.

"कोण गं तो शहाणा, ऐन वेळी बंद करणारा?" घरी जाताना आई कडाडली. "वाटोळं केलं माझं!"

"मीच, आई."

आईने तिचा हात सोडला आणि एकटीच चाचपडत पुढे चालू लागली.

नवी चकती आली तोवर डावा डोळा गेला होता. आईने एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं, असं लेन्सताईला वाटे.

मग उजव्या डोळ्याचा दिवस आला. लेन्सताईने आईला हाताला धरून यंत्रापुढे बसवलं.

"तू तपासलंस?" आईने विचारलं.

"तपासलं."

आईने यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवली. "करा सुरू, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "माझ्या लेकीने बघितलंय."